कॅम बदलण्याआधी

विषयाचं नाव ऐकून कुणी लगेच रेडिओचा कान पिळू नये म्हणून आधीच सांगतो, हे भाषण फक्त बुलेटवाल्यांसाठी नाही. ज्यांच्या घरात वीस-पंचवीस वर्षांचा मुलगा आहे आणि दारात मोटारसायकल उभी आहे, त्या सगळ्यांसाठी आहे. रोज रस्त्यावर चालणाऱ्या मोटारसायकलच्या इंजिनात जास्त ताकदीचा, म्हणजे ज्याला पोरं ‘परफॉर्मन्स कॅम’ म्हणतात तो, बसवावा का आणि बसवायचाच तर कोणता निवडावा, याबद्दल मी बोलणार आहे.

मी कविता लिहिणारा माणूस, बी.ए. झालो तेही मराठी घेऊन. पण मिरजेत आमच्या थोरल्या भावाचं, भाईजानचं गॅरेज आहे आणि कॉलेजच्या दिवसांपासून तिथली बिलं मी लिहीत आलो. बिल लिहायचं तर काम काय झालं ते समजावं लागतं. ‘कॅम बदलला’ असं लिहिताना कॅम म्हणजे काय, हे मी भाईजानना विचारलं. त्यांनी हातातल्या पान्यानं जमिनीवर धुळीत एक अंड्यासारखा आकार काढला. म्हणाले, ‘‘हे फिरतं आणि याचं टोक वर आलं की व्हॉल्व्ह उघडतो. बाकी सगळं या टोकाच्या आकारात आहे.’’

ही कल्पना फार जुनी. इसवी सन १२०६ मध्ये अल-जझरी नावाच्या कारागिरानं यंत्रांवरचा आपला अरबी ग्रंथ पुरा केला. आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबकिरच्या दरबारी तो कामाला होता. त्याच्या ग्रंथात एक होडी आहे. होडीत लाकडी वादक बसलेत. पाण्याच्या जोरावर दांडा फिरतो, दांड्यावरच्या खुंट्या तरफांना धडकतात आणि नगारे वाजतात. खुंटी कुठे ठोकली यावर ठेका ठरतो. मोटारसायकलचा कॅम याच जातीचा. फरक एवढाच, की तो नगाऱ्याऐवजी व्हॉल्व्ह वाजवतो, आणि फार घाईनं वाजवतो. इंजिन मिनिटाला ५६०० फेरे घेत असेल तर कॅम त्याच्या निम्मे, २८०० फेरे घेतो. म्हणजे एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला सुमारे ४७ वेळा उघडून मिटतो.

आता चार स्ट्रोकची गोष्ट थोडक्यात सांगतो. पिस्टन खाली जातो तेव्हा इनलेट व्हॉल्व्हमधून हवा-पेट्रोल आत येतं. पिस्टन वर येतो तेव्हा ते दाबलं जातं. ठिणगी पडते, पिस्टन खाली ढकलला जातो. पुन्हा वर येताना एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून जळका धूर बाहेर जातो. शाळेच्या पुस्तकात असं दाखवतात, की पिस्टन अगदी वर पोचला की व्हॉल्व्ह उघडला, अगदी खाली पोचला की मिटला. प्रत्यक्षात तसं नसतं. हवेलाही वजन असतं. तिला सुरू व्हायला वेळ लागतो आणि एकदा सुटली की थांबायलाही वेळ लागतो. म्हणून इनलेट व्हॉल्व्ह थोडा आधी उघडतात आणि उशिरा मिटतात.

एक उदाहरण घेऊ. समजा इनलेट व्हॉल्व्ह पिस्टन वर पोचायच्या ३० अंश आधी उघडला आणि खाली पोचून पुन्हा वर निघाल्यावर ६० अंशांनी मिटला. मधले १८० अंश धरून तो २७० अंश उघडा राहिला. याला ड्युरेशन म्हणतात. व्हॉल्व्ह जागेवरून किती मिलिमीटर उचलला गेला, ती लिफ्ट. एक्झॉस्ट मिटायच्या आत इनलेट उघडतो, म्हणून काही अंश दोन्ही एकदम उघडे असतात. तो ओव्हरलॅप. कॅम निवडताना मुख्यतः याच तीन शब्दांशी गाठ पडते.

परफॉर्मन्स कॅममध्ये साधारणपणे हे तिन्ही आकडे वाढवलेले असतात. व्हॉल्व्ह जास्त उघडतो, जास्त वेळ उघडा राहतो. मग ताकद वाढायला हवी की नाही? वाढते, पण वरच्या फेऱ्यांत. खालच्या फेऱ्यांत ती कमी होते. कारण पाहा. जुन्या ३५० सीसी बुलेटचा बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर. इनलेट व्हॉल्व्ह ६० अंशांना मिटतो तेव्हा पिस्टन सुमारे १८ मिलिमीटर वर आलेला असतो. तोच व्हॉल्व्ह ८० अंशांना मिटवला तर पिस्टन सुमारे ३१ मिलिमीटर वर आलेला असतो, म्हणजे एक तृतीयांश वाट चढून झालेली. इंजिन जोरात फिरत असेल तर आत घुसणारी हवा आपल्या वेगानं येतच राहते आणि सिलिंडर ठासून भरतो. पण इंजिन सावकाश फिरत असेल तर तिला तेवढा जोर नसतो. वर येणारा पिस्टन आलेली हवा पुन्हा कार्बोरेटरकडे ढकलून देतो. सिलिंडर अर्धपोटी राहतो, दाब कमी पडतो. गाडी न्यूट्रलला गचके खाते, पिकअप बसतो, ॲव्हरेज पडतं.

म्हणजे नुसता कॅम बदलून ताकद फुकट मिळत नाही. खालच्या फेऱ्यांतली काढून ती वरच्या फेऱ्यांत नेली जाते. आमच्या मिरजेत तंतुवाद्यांचे कारागीर आहेत. तानपुऱ्याची जवारी काढताना ते घोडीचा माथा कानसेनं जरा जरा घासतात आणि दर वेळी तार छेडून ऐकतात. खुली जवारी हवी की बंद, हे गाणाऱ्याला आधी विचारतात, कारण घासलेला माथा परत भरून येत नाही. कॅमचंही असंच. गाडी कुठे गाणार आहे, हे आधी विचारावं लागतं.

हा प्रश्न मोठमोठ्या कंपन्यांनाही सुटलेला नव्हता. यामाहाची १५५ सीसीची आर-१५ आपल्याकडे २०१८ मध्ये नव्या रूपात आली, तिच्यात इनलेटसाठी दोन वेगळ्या आकारांचे कॅम आहेत. ७४०० फेऱ्यांपर्यंत एक काम करतो, त्याच्यावर दुसरा. होंडानं १९९९ मध्ये जपानमधल्या आपल्या ४०० सीसी गाडीत खाली दोन आणि वर चार व्हॉल्व्ह चालवायची युक्ती केली होती. एका कॅमनं दोन्ही साधत नाही, याची ही कबुलीच. उलट रॉयल एनफिल्डनं २०२० मध्ये ३४९ सीसीचं नवं इंजिन आणलं, त्याची शक्ती ६१०० फेऱ्यांना २०.२ अश्वशक्ती. जुन्या लोखंडी इंजिनापेक्षा ती थोडीच जास्त. पण ओढ, म्हणजे टॉर्क, ४००० फेऱ्यांनाच पूर्ण मिळते. गिऱ्हाईक कुठे गाडी चालवतो, हे पाहून त्यांनी ठरवलं.

आता एका मुलाची गोष्ट सांगतो. आमच्याच भागातला, पुण्यात नोकरीला. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांची लोखंडी इंजिनाची बुलेट याच्याकडे आली. जुन्या बुलेटमध्ये एक लांब कॅमशाफ्ट नसतो. उजव्या बाजूच्या टायमिंग कव्हरखाली दोन सुटे कॅम असतात, एक इनलेटचा, एक एक्झॉस्टचा, आपापल्या दातेरी चाकासकट. मुलानं तशी रेसिंगच्या कॅमची जोडी मागवली आणि खोकं घेऊन गॅरेजमध्ये आला. म्हणाला, ‘‘चाचा, गाडी मेल्यासारखी चालते. आंबा घाटात आईला मागं घेऊन चढत होतो, ट्रकच्या मागं दुसऱ्या गिअरमध्ये दम तोडला. मागनं बस हॉर्न मारत होती. हे बसवून द्या.’’

भाईजाननी खोकं उघडलं, कॅम हातात घेतले, नखानं टोकावरून चाचपले. म्हणाले, ‘‘माल चांगला आहे. पण बेटा, मला सांग, घाटात तू ज्या फेऱ्यांवर होतास तिथं हा काय देणार?’’ मुलाकडे उत्तर नव्हतं. जुन्या बुलेटला फेऱ्यांचा काटा नसतो. मग भाईजाननी चाकाचा घेर आणि गिअरचं प्रमाण यांचा हिशोब मला मांडायला लावला. टॉप गिअरला ताशी ६० किलोमीटरला इंजिन अडीच-तीन हजारांच्या आसपास फिरतं. मुलाला सांगितलं, पंधरा दिवस रोज लिहून ठेव, कुठे गेलास, कुठल्या गिअरमध्ये, किती वेगानं. वही आली. सत्तरच्या वर तो क्वचितच गेला होता. वेळ गेला होता तो गावातल्या रहदारीत आणि चढावर. त्या जोडीची ताकद सुरू होत होती तिथपर्यंत हा मुलगा दिवसातून फार तर दोन-चार मिनिटं पोचत होता.

त्याला जिथे गाडी कमी पडत होती, तिथे ती आणखी कमी पडली असती. आणि मागे आई बसलेली. घाटात ओव्हरटेक करताना इंजिन खाली पडलं तर काय होतं, हे मी रेडिओवर वर्णन करून सांगायला नको.

मग भाईजाननी टायमिंग कव्हर उघडलं. डायल गेज लावून दोन्ही कॅमची लिफ्ट मोजली. एक्झॉस्ट कॅमचं टोक झिजलं होतं, व्हॉल्व्ह पुरता उघडतच नव्हता. व्हॉल्व्हच्या सीटवर खड्डे, इग्निशनचं टायमिंग मागे गेलेलं, कार्बोरेटरचं जेट कुणीतरी बदललेलं. कंपनीनं दिलं होतं तेवढंसुद्धा ती गाडी देत नव्हती, आणि मुलगा त्याच्यावर आणखी मागत होता. भाईजान म्हणाले, ‘‘तुझ्या वडिलांच्या हातात होती तशी आधी करू. महिनाभर चालव. मग वाटलं तर हे खोकं आहेच.’’ मुलाचं तोंड उतरलं. वडिलांच्या गाडीवर आपलं काहीतरी असावं, असं त्याला वाटत होतं, हे मला दिसत होतं. पण तो ‘हो’ म्हणाला.

साध्याच कंपनीच्या मापाचे नवे कॅम बसले, टॅपेट बदलले, व्हॉल्व्ह घासून सीटवर बसवले, ब्रेकचे लायनर नवे टाकले. महिन्यानं तो आईला घेऊन रत्नागिरीला जाऊन आला. येऊन म्हणाला, ‘‘चाचा, घाट तिसऱ्यात चढली.’’ खोकं अजून आमच्या फळीवर आहे. त्यानं परत मागितलेलं नाही, फेकूनही द्या म्हटलेलं नाही.

याचा अर्थ असा कॅम कुणीच बसवू नये असा नाही. एकजण ५०० सीसीचं इंजिन फक्त मैदानावरच्या शर्यतीसाठी बांधून घ्यायचा. त्याची गाडी टेम्पोतून यायची, टेम्पोतून जायची. त्याला भाईजाननी मोठ्या ड्युरेशनचाच कॅम दिला. खाली गचके खायची, पण त्याला खाली चालवायचीच नव्हती. आणि या दोघांच्या मधलाही गिऱ्हाईक असतो. हायवेवर तासन् तास जाणारा, एकटा, सामान कमी. त्याला थोडा गरम कॅम शोभतो. अशांसाठी निवडीच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, आधी वही लिहा. इंजिन कुठल्या फेऱ्यांत जास्त वेळ असतं, ते पाहा. कॅम विकणारा त्याच्या कामाची पट्टी सांगतो, दोन हजार ते पाच हजार किंवा साडेतीन ते सात हजार अशी. तुमची पट्टी आणि त्याची पट्टी जुळली पाहिजे. दोन कॅममध्ये मन अडकलं तर लहान घ्या. मोठा कॅम मित्रांना सांगायला बरा असतो, लहान कॅम चालवायला बरा असतो.

दुसरी, कार्डावरचे आकडे नीट वाचा. एकजण व्हॉल्व्ह जागेवरून हलला की ड्युरेशन मोजायला लागतो, दुसरा एक इंचाचा पन्नास हजारांश भाग... माफ करा, पन्नास सहस्रांश भाग, म्हणजे १.२७ मिलिमीटर उचलल्यावर मोजतो. कुणी एक मिलिमीटरवर मोजतो. तोच कॅम एका मापानं फार मोठा वाटतो, दुसऱ्यानं लहान. मोजण्याची जागा एकच असेल तरच दोन कॅमची तुलना करा. आणि वाढवायचंच तर ड्युरेशनपेक्षा लिफ्ट थोडी वाढवलेली रस्त्यावर बरी, कारण खालच्या फेऱ्यांना ती कमी छळते. तिलाही मर्यादा आहे. व्हॉल्व्हच्या व्यासाच्या साधारण एक चतुर्थांश लिफ्ट झाली, की भोवतालची फट व्हॉल्व्हच्या तोंडाएवढी होते. ४० मिलिमीटरच्या व्हॉल्व्हला १० मिलिमीटर. त्याच्या पुढे फायदा घटत जातो आणि झीज वाढत जाते.

तिसरी, कॅम एकटा येत नाही. उशिरा मिटणाऱ्या व्हॉल्व्हला कॉम्प्रेशन वाढवून द्यावं लागतं. कार्बोरेटरचं जेट बदलावं लागतं, इंजेक्शनची गाडी असेल तर त्याचा नकाशा नव्यानं भरावा लागतो. सायलेन्सर आणि गिअरचं प्रमाण बघावं लागतं. स्प्रिंग तर बघावीच लागते. स्प्रिंग कमजोर असेल तर वरच्या फेऱ्यांत व्हॉल्व्ह कॅमची पाठ सोडतो आणि हवेत तरंगतो. फार आखूड जागेत दबली तर तिची वेटोळी एकमेकांना भिडतात आणि पुशरॉड वाकतो. हे सगळं धरून हिशोब करा. कॅमची किंमत या हिशोबात सर्वांत लहान रक्कम निघते, हे मी बिलं लिहिणारा माणूस म्हणून सांगतो.

चौथी, मोजल्याशिवाय किक मारू नका. जास्त उचलला जाणारा व्हॉल्व्ह पिस्टनला भिडू शकतो. उपाय अगदी घरगुती आहे. पिस्टनच्या माथ्यावर लहान मुलांच्या खेळातल्या मातीची गोळी ठेवायची, हेड बसवायचं, टॅपेट लावायचे आणि इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवायचं. हेड काढून माती कापायची आणि सर्वांत पातळ जागी जाडी मोजायची. इनलेटला दोन मिलिमीटर, एक्झॉस्टला अडीच, याहून कमी नको. एका गाडीत कुठल्याशा गॅरेजनं हे न करताच कॅम बसवला होता. गाडी आमच्याकडे आली तेव्हा व्हॉल्व्ह वाकलेला आणि पिस्टनवर चंद्रकोरीसारखी खूण. मालक म्हणाला, ‘‘पहिले दोन दिवस काय पळत होती!’’

स्वस्तातला एक मार्ग पोरं मला विचारतात, जुनाच कॅम लेथवाल्याकडून घासून घेऊ का? कॅमचा खालचा गोल भाग घासला की टोक त्या मानानं उंच होतं, लिफ्ट वाढते, हे खरं. पण कॅमच्या अंगावर कडकपणाचा पातळ थर असतो. तो घासून गेला की आतलं लोखंड मऊ. काही हजार किलोमीटरमध्ये टोक गोल होतं आणि त्याचा चुरा तेलातून सगळ्या इंजिनभर फिरतो.

शेवटी कायद्याचं आणि शेजाऱ्यांचं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं, की नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी मेळ बसणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. ओव्हरलॅप वाढला की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर जातं, धुराच्या तपासणीत ते दिसतं. अपघात झाला तर विमावाला इंजिन उघडून पाहू शकतो. आणि अशा कॅमबरोबर बहुतेक जण मोकळा सायलेन्सर लावतात. अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून रोड रोलरखाली चिरडले, ते आपण पाहिलं आहे. आमच्या गल्लीत पहाटे फजरच्या अजानच्या आधी एक म्हातारी उठते, समोरच्या घरात दहावीची मुलगी अभ्यासाला बसते. त्या दोघींनी कुठल्याही कॅमची वर्गणी भरलेली नाही.

तरुण श्रोत्यांना एवढंच सांगेन. गाडीत काही कमी आहे असं वाटलं तर आधी जे होतं ते पुरतं आहे का, ते मोजून घ्या. जुन्या बुलेटचे टॅपेट इंजिन थंड असताना पाहतात. पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे आणि वर-खाली हलता कामा नये. या तपासणीला पाच मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत. तिथून सुरुवात करा. आणि ज्या मेकॅनिकनं तुम्हाला ‘नको’ म्हणून सांगितलं, त्याच्यावर रागावू नका. ‘नको’ म्हणण्याचं बिल त्याला लावता येत नाही. तरीही तो म्हणाला, यावरूनच तुमची गाडी कुणाच्या हाती द्यायची ते ओळखा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)